टिटवी आणि रिकाम्या जागेचे कुंपण

उंच डोंगरांच्या मधोमध एक तळे होते आणि त्या तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. तळे एवढे गार, की वैशाखात खालचे रान भाजून निघू लागले म्हणजे तिथले ससे, हरणे आणि भेकरे आपापली पोरेबाळे घेऊन वर येत आणि चार दिवस मजेत राहून जात. काठावरच्या रहिवाशांनाही पाहुण्यांची मोठी हौस. माकडे त्यांना करवंदांच्या जाळ्या दाखवत. कासव लहानग्यांना पाठीवर घेऊन उथळ पाण्यातून फिरवून आणी. पण सगळ्यांत जास्त झुंबड उडे ती म्हाताऱ्या पाणमांजराच्या घसरगुंडीवर. काठाच्या उतारावरची चिकणमाती ते पाण्याने भिजवून, पोटाने घासून अगदी गुळगुळीत करून ठेवी. वर बसायचे, पाय सोडायचे, की सर्रकन खाली आणि धबाक पाण्यात!

पाणमांजर स्वभावाने फार मऊ होते. (माशांना विचाराल, तर ते निराळेच सांगतील, पण मुलांनो, माशांना कोण विचारतो?) रोज सकाळी खेळ सुरू होण्याआधी ते काठाने एक फेरी मारी आणि दारोदार विचारी, "आमच्या दंग्याचा त्रास नाही ना होत? घरात कुणी लहान असेल तर सांगा हं. आम्ही खेळ दुसरीकडे नेऊ."

आता, टिटवीच्या घरात लहान कुणी होते. म्हणजे अजून व्हायचे होते. तळ्याच्या पूर्व काठावर गोटेच गोटे पसरले होते आणि त्या गोट्यांतच तिने चार अंडी घातली होती. टिटवी काही घरटे विणत बसत नाही. तिची अंडीच अशी करडी, ठिपकेदार असतात, की शेजारचा गोटा कोणता आणि अंडे कोणते, हे नीट पाहूनही कळत नाही. तिला तिच्या आईने लहानपणीच शिकवून ठेवले होते, "अंडी कुठं आहेत ते कुणालाही सांगायचं नाही. कुणी जवळ आलं, की आपण लांब उडून जायचं आणि तिथं जाऊन ओरडायचं. येणारा आवाजाच्या मागे जातो आणि अंडी वाचतात." म्हणून पाणमांजराने विचारले तेव्हा टिटवी मान फिरवून म्हणाली, "छे हो काका, माझ्या घरात कोण असणार?" पण खेळ सुरू झाला, पोरांचा गलका वाढला, तसा तिचा जीव उडाला. ती अंड्यांपासून दूर, पार पश्चिमेच्या लव्हाळ्यात जाऊन बसली आणि मोठमोठ्याने ओरडू लागली.

पाणमांजराने तिचे ओरडणे ऐकले आणि त्याला वाईट वाटले. "हिची अंडी लव्हाळ्यात दिसतात," ते म्हणाले. "सांगायला संकोचते बिचारी." दुसऱ्या दिवशी त्याने काय करावे? घसरगुंडी लव्हाळ्यापासून लांब नेली. म्हणजे पूर्वेकडे, गोट्यांच्या बाजूला! टिटवीने ते पाहिले. आपण ओरडण्यात कमी पडलो असे वाटून ती लव्हाळ्यात आणखी आत शिरली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली. ते ऐकून पाणमांजराने तिसऱ्या दिवशी घसरगुंडी आणखी लांब नेली, ती थेट गोट्यांच्या वरच्या उतारावर. शिवाय सशाच्या पोरांना कामाला लावून लव्हाळ्यातल्या त्या जागेभोवती काटक्यांचे छानसे कुंपण घालून घेतले. आत काय होते? काही नव्हते. चार पाने आणि एक बेडूक, तोही कंटाळून निघून गेला. पण कुंपण मोठ्या मायेने घातलेले होते.

त्या दिवशी ऊन फार कडक होते. एरवी अशा उन्हात टिटवी तळ्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देई. पण आज अंड्यांच्या डोक्यावरच घसरगुंडी होती. तिकडे जावे, तर सगळ्यांना जागा कळणार. न जावे, तर अंडी उन्हात भाजणार. ती लव्हाळ्यात बसून नुसती ओरडत राहिली. सशाचे एक पिल्लू पाण्यात पडायचे ते भलतीकडेच घरंगळले आणि अंड्यांपासून वीतभर अंतरावर येऊन आदळले. टिटवीने डोळेच मिटले. उघडले, तेव्हा कुंपणाजवळून हरणाची दोन पाडसे चालली होती. त्यांतले एक दुसऱ्याला म्हणत होते, "श्श! हळू चाल ना. आत बाळं आहेत टिटवीमावशीची."

मग मात्र तिला राहवले नाही. ती तळ्यावरून सरळ झेपावली, पोट पाण्याला टेकवून भिजवले, आणि सगळ्यांच्या देखत गोट्यांत जाऊन बसली. "इथं आहेत!" ती रडत म्हणाली. "माझी अंडी इथं आहेत. लव्हाळ्यात काहीच नाही."

पाणमांजर जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मी तर रोज विचारत होतो गं."

"आईनं सांगितलं होतं, कुणालाही सांगायचं नाही."

"ते कोल्ह्यासाठी सांगितलं असेल. आम्हालाही सांगू नकोस, असं म्हणाली होती का ती?"

टिटवी एवढेच म्हणाली, "काका, अंडी फार तापली आहेत हो." हे ऐकताच पाणमांजराने पाण्यात बुडी मारली आणि वर येऊन अंड्यांवर अंग झटकले. हरणे दाटीवाटीने उभी राहून सावली करू लागली. सशांच्या पोरांनीही कान ताठ उभे केले. त्या कानांची सावली ती केवढीशी! पण ऊन कलेपर्यंत एकाही पोराने कान पाडला नाही.

काही दिवसांनी अंडी फुटली. तीन फुटली. चौथे तसेच राहिले. टिटवी त्याच्यावर बसून राहिली. दुसरा दिवस उजाडला, तरी उठेना. इकडे तिन्ही पिल्ले चिमुकले पाय टाकत पाण्याच्या दिशेने पळू पाहत होती. पाणमांजर येऊन तिच्या शेजारी बसले. "मी विचारलं होतं" हे शब्द त्याच्या ओठांवर आलेच नाहीत. टिटवी म्हणाली, "काका, यांना जरा जवळ घ्याल का? मला आज याच्यापाशी बसायचं आहे." तिने आजवर कुणाकडे काही मागितले नव्हते. पाणमांजराने तिन्ही पिल्लांना पोटाशी घेतले. त्या दिवशी तळ्यावर कुणी खेळले नाही, आणि खेळू नका असे कुणी सांगितलेही नव्हते.

तात्पर्य : आपले कुठे दुखते आहे, ते आपल्या माणसांना वेळेवर सांगावे; ठाऊक नसलेल्या जागी कितीही माया असली तरी फुंकर घालता येत नाही.