होडीचे दोन दोर

“कुणीसुद्धा माझं खरं मानलं नाही, बाबा. का मानत नाहीत?”

फकीर शाहबाबा दर्ग्याच्या विहिरीवर पाणी शेंदत होते. “काय मानलं नाही?”

“इसाक घाबरला, दोर सोडेचना, म्हणून होडी उलटली, असं गावभर झालंय. माझा नवरा घाबरणारा नव्हता.”

इसाक खलाशी होता ती मोठी बोट. आधी गोरे साहेब आणि कापसाच्या गाठी विलायतेला न्यायची. लढाई लागली तशी तिला राखाडी रंग फासला, आत सोल्जर भरले. पुढं टॉर्पेडो लागला. जखमींची होडी समुद्रात उतरवायची होती. एका टोकाचा दोर इसाककडे, दुसरा खलाशांच्या मुकादमाकडे, म्हणजे तांडेलाकडे. हुकूमही तांडेलाचाच. होडी कलंडली, माणसं सांडली. इसाक बुडाला. तांडेल घरी आला, आणि इसाक घाबरला असं बोलला.

“शुक्रवारी बुडालेल्यांसाठी दुवा मागता. इसाकचं नाव तेवढं गाळता.”

“सबर कर, सकिना.”

“तांडेल तुमचा सख्खा भाऊ. आणि सबर मी करायचा.”

बाबांनी पोहरा खाली ठेवला.

मग त्यांनी एका फळीच्या दोन्ही टोकांना दोर बांधले. फळीवर पाण्याचं मडकं ठेवलं. एक दोर मला दिला, दुसरा घेऊन विहिरीच्या पलीकडे गेले. फळी मधे लोंबत राहिली.

“बोटीवर ‘आरिया’ म्हणाले की दोर सैल सोडायचा. …आरिया.”

फळी त्यांच्या बाजूला कलली. मडकं विहिरीत.

“तू धरून ठेवलास.”

“तुम्ही आधी सोडलात.”

“म्हणालो तेव्हाच सोडला.”

“आता मी म्हणते. ठेवा काहीतरी.”

त्यांनी स्वतःचा भिक्षेचा कटोरा ठेवला.

“आरिया,” मी म्हणाले.

फळी माझ्या बाजूला कलली. कटोराही गेला.

मी माझ्या हाताकडे बघत राहिले… तोंडाबरोबरच दोर सुटला होता. ऐकणाऱ्याचा मागं राहणारच.

“बाबा, हुकूम देणाऱ्यानं दोर धरायचा नसतो. एवढी वर्षं बोटीवर काढली, तांडेलाला हे ठाऊक नव्हतं?”

“…ठाऊक होतं.”

“मग?”

बाबा काठावर बसले.

“शुक्रवारी इसाकचं नाव पहिलं घेईन.”

“लोक विचारतील, मग चूक कुणाची. तेव्हा गप्प बसाल.”

“नाही बसणार.”

“काय सांगाल? आत्ता सांगा, मला ऐकू दे.”

बाबांनी मान वर केली.

“माझ्या भावाची. कमरुद्दीनची.”