सशिणीची उडी

डोंगराच्या उतरणीला, उंच वाळक्या गवतात एक म्हातारी सशीण चार नातवंडांना घेऊन राहायची, बाळांनो. लहानपणी ती एका मोठ्या वणव्यातून वाचली होती. आता जीव थकला होता. दिवसभर नातवंडांमागे धावून तिचा पिट्टा पडायचा, आणि सांज झाली की पोरं अंगावर चढायची, "आज्जी, वणव्याची गोष्ट!"

खरी गोष्ट एवढीशीच. वणवा आला तेव्हा ती उघड्या कातळावर पोट टेकून पडून राहिली. तिथे गवताची काडी नव्हती, म्हणून आग बाजूने निघून गेली. पण पूर्वी ती ऐकून तिच्या लेकरांनी नाकं मुरडली होती. "नुसतीच पडून राहिलीस? उडी नाही मारलीस?" तेव्हा कंटाळून ती म्हणाली होती, "मारली रे बाबांनो! ओढ्यावरून थेट बांबूच्या बेटात. झोपा आता." त्या दिवसापासून सगळे उडीच मागू लागले. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले, उडी लांब होत गेली, बेट हिरवंगार झालं. शेजारची घोरपड त्या वणव्यात तिच्या सोबत होती. ती म्हणायची, "असं नव्हतं गं झालं." सशीण म्हणायची, "राहू दे बाई. पोरं झोपतात ना, मग झालं तर."

एका दुपारी खालून धूर आला. मागोमाग ज्वाळा दिसल्या. "चला माझ्यामागे, बांबूच्या बेटात!" म्हणत सशीण धावत सुटली. बेट तिला लख्ख आठवत होतं, अगदी पान न् पान. वाटेत घोरपड उलट्या दिशेने येताना दिसली.

"अगं, मागे फीर! आपण बेटात वाचलो होतो!"

"तिथे तू गोष्टीत वाचलीस, बाई. वणव्यात तू माझ्या शेजारी कातळावर होतीस. भोकाड पसरून रडत होतीस."

सशीण थबकली. कातळ आठवू गेली, तर सगळं धूसर. बेट मात्र स्वच्छ. धग जवळ येत होती, नातवंडं पायांत घुटमळत होती. आणि तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला आठवतं त्या बेटात ना धूर आहे, ना खोकला, ना भीती. भीती नसलेला वणवा कुठे असतो का?

"फिरा रे," ती म्हणाली, "घोरपडआज्जीच्या मागे."

कातळ तव्यासारखा तापला होता. सगळे पोटं भाजत पडून राहिले. खाली बांबूचं बेट पेटलं आणि पेरं फटाफट फुटू लागली. पोरांनी कान पाडले. सशीण त्या आवाजाकडे बघत राहिली.

आग निघून गेली तेव्हा धाकटं म्हणालं, "आज्जी, आता सगळ्यांना सांगू या, आपण ज्वाळांवरून उडी मारली!"

सशिणीने दमून डोळे मिटले. "घोरपडबाई, या खेपेची गोष्ट तू सांग. मी सांगत बसले, तर या कातळावरही बांबू उगवतील."

तात्पर्य : आठवण सांगता सांगता बदलत जाते. ती लख्ख दिसते म्हणून खरी मानू नये. जो तेव्हा सोबत होता, त्यालाही विचारून घ्यावं.