न उघडलेली पेटी

एका नगरात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. महायुद्धातल्या पंख्याच्या विमानांच्या छोट्या प्रतिकृती घडवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पेटीतून आलेले प्लॅस्टिकचे सुटे भाग ते असे जोडत, की सांधा शोधूनही सापडू नये. त्यांच्याकडे पन्नाशीचा एक शिष्य येई. मोठा हौशी, कष्टाळू आणि स्वतःच्या कामावर कधीच खूश न होणारा.

शिष्याचे वडील तरुणपणी लढाऊ विमानांचे मेकॅनिक होते. म्हातारपणी त्यांनी मुलाजवळ एकच गोष्ट मागितली होती. "मी ज्याची इंजिनं खोलली, ते विमान एकदा करून दाखव रे. डोळ्यांना दिसतंय तोवर."

मुलाने त्या विमानाची पेटी लगेच आणली आणि कपाटात सगळ्यात वर ठेवून दिली. आधी हात बसू दे, मग वडिलांचे विमान! या छंदातल्या माणसांची ही जुनीच खोड. साध्या पेट्यांवर हात बसवत वर्षे घालवायची आणि जिच्यासाठी जीव टाकायचा, तिला स्पर्श करायचा नाही. ठेवणीतले वस्त्र कसरीने खावे, तसला हा प्रकार.

"वडिलांचं विमान कुठवर आलं?" गुरुजी अधूनमधून विचारत.

"गुरुजी, अजून रंग एकसारखा बसत नाही," शिष्य म्हणे.

एके दिवशी गुरुजींनी काही न विचारता स्वतःच्या कपाटावरची एक जुनी, बंद पेटी खाली काढली. या पेटीला ते कोणाला हात लावू देत नसत. त्यांनी तिची चिकटपट्टी कापली, पंखांवर लावायच्या चिन्हांचा कागद बाहेर काढला आणि बशीतल्या पाण्यात सोडला. अशी चिन्हे भिजली की कागदावरून अलगद सुटतात. इथे मात्र त्यांच्या बघता बघता ठिकऱ्या उडाल्या.

"गुरुजी, हे काय केलंत! इतकी जपलेली वस्तू!"

"जपली, म्हणूनच हे झालं," गुरुजी म्हणाले. "माझा दादा हे विमान चालवायचा. त्याला करून दाखवायला आणलं होतं. तेव्हा माझे पंख वाकडे बसायचे. तसलं त्याच्यापुढे ठेवायची लाज वाटली. हात बसला, तेव्हा दादा राहिला नव्हता. त्याला सफाई कुठे हवी होती? माझ्याशेजारी बसून चार जुन्या गोष्टी सांगायच्या होत्या त्याला. ते मला फार उशिरा कळलं." त्यांनी बशी बाजूला सारली. "जा, घरी जा."

शिष्य घरी गेला आणि त्याने त्याच संध्याकाळी पेटी उघडली. वडील शेजारी बसून इंजिनांच्या गोष्टी सांगत राहिले. काही दिवसांत विमान उभे राहिले, तेही चांगले नेटके. शिष्याने ते वडिलांच्या हातात दिले. त्यांची बोटे पंखावरून चाचपत पुढे गेली, पंख्याशी थांबली, त्यांनी तो हलकेच फिरवला. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला.

"पंखा फिरतो की रे!" ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "रंग कोणता दिलायस?"

गेल्या वर्षापासून त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हते. ज्या रंगासाठी शिष्य इतकी वर्षे थांबला होता, तो आता त्यांना तोंडाने सांगावा लागला.

"हिरवा, बाबा," तो म्हणाला. "अगदी एकसारखा बसलाय."