कुडाच्या घरातली बंदूक

खट्… खट्… खट्.

फार पूर्वी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात हैबती नावाचा एक बुरूड राहत होता, आणि त्याच्या कानात हा आवाज राहत होता. माणूस गाव सोडतो, घर सोडतो. पण लहानपणी कानात शिरलेला आवाज काही त्याला सोडत नाही.

हैबती तेव्हा एवढासा होता, की रिकाम्या कणगीत मावेल. आणि त्या दिवशी आईने त्याला खरोखरच कणगीत लपवले होते. भर दुपारी गावात दरोडेखोर शिरले होते. त्याच्या बापाकडे एक लांब बंदूक होती. वर्षभर ती खुंटीवर असायची. दसऱ्याला तेवढी खाली उतरायची, तिला हळदकुंकू लागायचे, झेंडूची माळ पडायची आणि ती पुन्हा खुंटीवर जायची. बापाने घाईघाईने ती काढली. नळीत दारू ओतली, गोळी घातली आणि लोखंडी गजाने ठासू लागला. पण हात चुकत होता. गज नळीच्या तोंडावर आपटत होता, आत काही जात नव्हता. खट्, खट्, खट्. तेवढ्यात दार मोडले.

दरोडेखोरांनी शेळ्या नेल्या, आईच्या अंगावरची चांदी नेली, आणि जाता जाता बापाच्या उजव्या हातावर काठी घातली. त्या हाताने पुन्हा कधी सूप विणले नाही.

पुढे हैबती मोठा झाला. त्याचे लग्न झाले. बायकोचे नाव चिमणा. त्यांना रंगी नावाची लेक होती. ती नुकतीच भिंत धरून चालायला लागली होती. बुरडांची सगळी घरे एका ओळीत, एकमेकांना चिकटून होती. दोन घरांत मिळून एकच भिंत. आणि भिंत म्हणजे काय, तर बांबूचा कूड, वरून शेणामातीचा गिलावा. इकडे कुणी शिंकले की तिकडून कुणी म्हणायचे, "शतायुषी हो!"

एके दिवशी बातमी आली. दरोडेखोर पुन्हा डोंगरातून उतरले होते. खालच्या गावात त्यांनी दोन घरे लुटली होती. राजाची दवंडी फिरली, "फौज येईस्तोवर ज्यानं त्यानं आपलं घर राखावं हो! घरटी एक बंदूक ठेवायला सरकारची मुभा आहे हो!"

हैबतीने हातातला कोयता खाली ठेवला. "चिमणे, आपण बंदूक घ्यायची. अशी मोठी, की तिचं तोंड बघूनच चोर पळाला पाहिजे. आणि ती कायम भरलेली असंल. माझ्या घरात तो आवाज पुन्यांदा व्हायचा न्हाई."

चिमणाला तो आवाज ठाऊक होता. झोपेत दचकणाऱ्या नवऱ्याला तिने कितीदा थोपटले होते. ती म्हणाली, "घ्यायची तर घेऊ. पर मी बी येते."

नव्या सुपांची चळत विकायला डोक्यावर घेऊन दोघे किल्ल्याखालच्या पेठेत गेले. तिथे एक म्हातारा शिकलगार बंदुका घडवी. आयुष्यभर बार ऐकून त्याला कमी ऐकू येई, म्हणून तो माणसाच्या तोंडाकडे बघत बोले.

हैबतीने दुकानातली सर्वांत लांब बंदूक दाखवली. "ही द्या, बाबा."

"ही बुरुजावरची आहे, पोरा. नदीपलीकडचा घोडेस्वार पाडते. तुझ्या दारात नदी आहे का?"

"नदी नसंना. भीती तर हाय."

चिमणाने ती बंदूक उचलून बघितली. नळीचे तोंड जमिनीला टेकले. ती हसली. "अहो, हिला आत निजवायची तर आपल्याला अंगणात निजायला लागंल."

"तू गप गं."

शिकलगार हसला नाही. त्याने विचारले, "घराच्या भिंती कशाच्या?"

"बुरडाच्या घराला कशाच्या असणार? कुडाच्या."

"आणि पलीकडं कोण राहतं?"

"दौलू. त्याची बायको, पोरं." हैबतीला आता राग यायला लागला होता. "बाबा, चोर अंगावर आल्यावर मी भिंतीचा विचार करत बसू व्हय?"

"तेव्हा नाही. आता कर." म्हाताऱ्याने बंदूक त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. पण माझ्या दुकानाचा एक रिवाज आहे. बंदूक आज मिळेल, दारू नंतर मिळेल. घरी ज्या जागेवरून नेम धरशील, त्या जागेवर उभा राहा. नेम जिथं लागतो तिथून भिंतीत बांबूची एक कामटी घाल. पलीकडं काय लागतं ते बघ. मग दारू न्यायला ये."

हैबती घरी आला. दारातून बंदूक आडवी आत येईना, ती तिरकी करून आणावी लागली. आत ती चुलीकडून मागच्या दाराकडे वळवताना नळीचा फटका बसला आणि उतरंडीचे वरचे मडके खाली आले.

"चोर राहिला बाजूला," चिमणा खापऱ्या गोळा करत म्हणाली, "पहिली उतरंड हिनंच फोडली."

हैबती मागच्या दाराकडे बघत होता. मागचे दार कच्चे होते, चोर तिथूनच येणार, असा त्याचा हिशेब होता. तो चुलीपाशी उभा राहिला. त्याने नेम धरला. गोळी दाराची चौकट सोडून जरा जरी सरकली, तर ती दौलूच्या भिंतीत जाणार होती. त्याने एक बारीक कामटी घेतली आणि भिंतीत खुपसली. कणकेत बोट जावे तशी ती आत गेली. आणि मग अडकली.

त्याने ती मागे ओढली. कामटी येईना. त्याने पुन्हा ओढली, तर पलीकडून कुणीतरी तिला उलटा हिसका दिला. आणि खुदकन हसू आले.

"हैबतीकाका, सोडा की! आता ती माझी हाय."

दौलूची धाकटी लेक ठकी होती ती. भिंतीपलीकडे बाजेवर बसून ती बाहुली सजवत होती. कामटी अगदी तिच्या छातीसमोर निघाली होती.

हैबतीने कामटी सोडून दिली. त्याच्या हातातली ती लांब बंदूक एकाएकी फार जड झाली. त्याने ती भुईवर ठेवली आणि तो तिच्याशेजारीच खाली बसला.

दौलू विचारायला आला. "काय रं, भिंतीला नाक टोचतोस का काय?" मग त्याला बंदूक दिसली. कामटीचे भोक दिसले. दौलू थट्टेखोर माणूस. पण त्याचा आवाज उतरला होता. "हैबती, चोर आले की मला आधी सांग बाबा. म्हंजे मी पोरं घिऊन चोरांच्या मागं जाऊन बसतो. तिथंच बरं."

दुसऱ्या दिवशी हैबती चिमणाला घेऊन पुन्हा पेठेत गेला. लांब बंदूक त्याने शिकलगारापुढे ठेवली. "पलीकडं दौलूची ठकी लागली," एवढेच तो म्हणाला. म्हाताऱ्याने ती परत घेतली. आतून त्याने एक आखूड, हलकी बंदूक आणली. चाप ओढला की गारगोटीची ठिणगी पडे. हिच्यात गोळी नव्हे, बारीक छर्रे घालायचे.

"ही अंगणापुरती आहे. अंगणाच्या पलीकडं हिचा जोर नाही. आता सांगा, दुपारच्याला घरात कोण असतं?"

"मी असते," चिमणा म्हणाली. "हे बांबूला रानात जातात."

"मग आधी तू धर, लेकी."

चिमणाने बंदूक खांद्याला लावली. तिचा हात हलला नाही. हैबतीच्या मनाला जरा टोचले. बंदूक आणायला तो निघाला होता, आणि बंदूक बसली होती बायकोच्या खांद्याला. पण त्याने ते गिळले.

"बाबा, एकच मागणं. ही भरून ठेवू द्या."

"घरात लेकरू आहे?"

"भिंत धरून चालतं."

"मग भिंत सोडून पुढं काय धरील, ते तुला ठाऊक आहे का?"

हैबती पुढे झाला. "पर रिकामी ठेवली की माझ्या बापासारखं हुईल. त्याची रिकामी होती म्हणून तर…"

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या बापानं ती कितीदा भरून बघितली होती?"

हैबतीला आठवेना. त्याला फक्त झेंडूची माळ आठवली.

"देवाला हात जोडावेत, पोरा. हत्याराला हात बसवावा लागतो."

त्या दिवसापासून हैबतीने वेगळेच काम हाती घेतले. बारीक बांबूच्या नळकांड्या कापल्या. एकेकीत एका बाराची दारू आणि छर्रे मापून भरले, तोंडाला मेणाचे बूच लावले. त्यांचा झुबका रंगीचा हात पोचणार नाही असा आढ्याला टांगला. दोघे रोज सकाळी, दारूऐवजी राख घेऊन, बंदूक भरायला बसत. पहिल्यांदा गज नळीच्या तोंडावर आपटे, खट्, खट्, आणि हैबतीच्या कपाळाला घाम फुटे. चिमणा म्हणे, "पुन्यांदा." तो पुन्हा करी. दिवस गेले, आणि एका सकाळी गज सरळ खाली गेला. एकदाच आवाज झाला. खट्.

मागचे दार त्यांनी जाड बांबूंनी कायमचे बंद केले. राहिले पुढचे दार. जात्यापाशी उभे राहून नेम धरला, की दारातून अंगण दिसे आणि अंगणापलीकडे दगडी बांध. तिथे कुणाचा कूड नव्हता, कुणाची ठकी नव्हती. हैबतीने दारापासून बांधापर्यंत गेरूची रेघ ओढली आणि गल्लीत सांगितले, "टाळी वाजली की ह्या रेघंवर कुणी उभं ऱ्हायाचं न्हाई. मी बी न्हाई."

कारण टाळीही त्याने केली होती. चिरलेल्या बांबूचे दोन जाड तुकडे, वाजवले की डोंगरापर्यंत ऐकू जावे. दौलूने एक मागून नेली, मग शेजारच्याने. बघता बघता घरोघरी टाळी झाली.

आणि एका दुपारी ती वाजली.

हैबती रानात होता. बांबू टाकून तो धावत सुटला. गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा त्याला दिसले. पाणी मागायच्या मिषाने आलेली तीन दणकट माणसे त्याच्याच अंगणात उभी होती. पुढच्याच्या हातात कुऱ्हाड होती. आत चिमणा होती, रंगी होती. हैबतीचे पाय अंगणाकडे ओढ घेत होते. पण समोर गेरूची रेघ होती. तो रेघेवर गेला, तर चिमणाला बार टाकता येणार नव्हता. त्याने दात आवळले आणि तो बांधाच्या बाजूला, रेघ सोडून, कोयता उगारून उभा राहिला.

घरातून आवाज आला.

खट्.

एकदाच. आयुष्यभर त्याला छळणारा आवाज. पण आज तो पुरा झाला होता.

दारातून चिमणा म्हणाली, तिचा स्वर चुलीपुढे बोलावे तसा साधा होता, "दादा, पाऊल पुढं टाकलंत तर बार टाकीन. मागं टाकलंत तर वाट मोकळी हाय."

म्होरक्याने बंदुकीकडे बघितले. ती हलत नव्हती. त्याने डावीकडे बघितले. स्वतःच्या दारात दौलू कोयता घेऊन उभा होता. उजवीकडे बघितले, तर प्रत्येक दारात कोयते होते, आणि टाळ्या अजून वाजत होत्या. शेवटी त्याची नजर हैबतीवर आली. बाजूला उभ्या असलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत घाई नव्हती.

म्होरक्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. तो वळला, सोबत्यांकडेही न बघता बांध ओलांडला, आणि डोंगराच्या वाटेने निघून गेला; मागोमाग ते दोघेही.

भीतीच्या मापाने घेतलेले हत्यार घरात मावत नाही. घराच्या मापाने घेतलेले, भीतीला उंबरा ओलांडू देत नाही.