केरबानं अंतर वाढवलं

एका गावात एक भोळा रसवाला होता. केरबा त्याचं नाव. बुधवारच्या बाजारात तो उसाचा रस विकायचा. लग्नाला दोनच महिने झाले होते. बायको सगुणा बोलायची कमी, बघायची जास्त. तिला एवढं कळून चुकलं होतं, की नवरा रसासारखाच गोड आहे, पण त्याला काही सांगायचं तर जपून सांगावं.

सगुणा एकुलती एक. तिच्या वडिलांनी लग्नातच सांगून ठेवलं होतं, “जावईबापू, एक घोळ माफ. दुसरा झाला की पोरीला घरी घेऊन जाईन.”

“बरं मामा,” केरबा म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणायचा.

धंदा वाढावा म्हणून केरबानं रसाच्या शेजारी लिंबूसरबत मांडलं. ऊन पडलं, दोन्ही खपलं. पुढच्या बुधवारी आभाळ आलं, दोन्ही पडून राहिलं. केरबा चुलतभावाकडे गेला. सोपानअण्णा शेअरबाजार करायचे, त्यामुळे गावात त्यांना सगळंच विचारत.

अण्णा म्हणाले, “लेका, ही दोन दुकानं नव्हंत. एकच दुकान दोनदा मांडलंयस. ज्या दोन गोष्टी एकदम चालतात नि एकदम बसतात, त्यांचा एकमेकींना आधार नसतो. एक बसली की दुसरी चालेल, अशी जोडी घे. समजलं?”

“समजलं,” केरबा म्हणाला.

घरी येऊन त्यानं गोठ्यात बघितलं. दोन बैल. एकदम चालायचे, एकदम बसायचे. केरबाला घाम फुटला. त्यानं त्यातला एक बाजारात बदलून दुसरा आणला. हा नवा बैल जोडीदार चालायला लागला की बसायचा आणि जोडीदार बसला की उठायचा.

बुधवारी ऊस भरलेली गाडी गावच्या चौकात दिवसभर जागच्या जागी फिरली.

“अहो, बाजाराला कधी पोचायचं?” सगुणानं विचारलं.

“पोचायचं राहू दे. आधार बघ किती आहे,” केरबा म्हणाला.

सासऱ्यांना कळलं. त्यांनी निरोप धाडला, “एक झाला.”

केरबा अण्णांकडे गेला. अण्णांनी कपाळाला हात लावला. “अरे, एका जुवाखालच्यांना एकत्रच चालावं लागतं. आता असं कर. घाई करू नको. चार बाजार नुसतं बघ आणि वहीत लिही. कशाबरोबर काय चालतं ते वहीत दिसतं. समजलं?”

“समजलं.”

केरबानं चार बुधवार लिहून काढलं. मग वही सगुणापुढे धरली. “हे बघ. गोविंदा न्हाव्याकडं गर्दी असली की आपला रस खपतो. चारीच्या चारी बाजार.”

“अहो, बाजाराला माणसं जास्त आली की दोन्हीकडं गर्दी होते.”

“तसं वहीत नाही.”

पाचव्या बुधवारी गोविंदाची खुर्ची रिकामी होती. केरबा लगबगीनं जाऊन बसला. दाढी केली. रसाला गिऱ्हाईक आलं नाही. केस कापले. तरी नाही.

“आता मिशीच राहिली,” गोविंदा म्हणाला.

“काढ. डोकंही कर.”

गोविंदाचा वस्तरा थांबला. केरबाचे आईबाप कधीच गेले होते. त्यानं हळूच विचारलं, “कुणासाठी रे?”

“मामांसाठी,” केरबा म्हणाला. रस खपला की मामा खूश होणार होते.

गोविंदानं डोळे पुसले आणि पैसे घेतले नाहीत.

तासाभरात सगुणाच्या दारात बायका जमल्या. कुणी तिला पोटाशी धरलं, कुणी पिठलंभाकरी आणली. सगुणा म्हणत होती, “अहो, बाबा परवाच बोलले माझ्याशी.” बायका म्हणाल्या, “असंच असतं गं.” आणि जास्तच रडल्या.

नेमके सासरे त्याच दिवशी लेकीला भेटायला आले. एसटीतून उतरल्यावर त्यांनी केरबाचं घर विचारलं. पाच जणांनी त्यांना सांगितलं, “जा, पण आज रस नाही. त्याचा सासरा गेला.”

सासरे घरात आले. केरबाचं डोकं त्यांनी बराच वेळ बघितलं. “दुसरा,” ते म्हणाले. “उद्या सकाळच्या गाडीनं सगुणा माझ्याबरोबर.”

केरबा धावत अण्णांकडे गेला. अण्णा मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. “अण्णा, बरोबर चालणाऱ्या दोघांत अंतर पडलं तर काय करायचं?”

अण्णांना वाटलं, हा अखेर शिकतोय. “वा. हे बघ, दोन साखर कारखान्यांचे शेअर. वर्षानुवर्षं जोडीनं चालतात. मधेच एक पुढं गेला, एक मागं राहिला. पुढचा विकायचा, मागचा घ्यायचा आणि गप बसायचं. घाबरायचं नाही. अंतर जेवढं जास्त, तेवढा फायदा जास्त. ते परत जवळ येतात. आले की दोन्ही बाजू एकदम मोकळ्या करायच्या. एक सोडली नि एक ठेवली, की बुडालास. समजलं?”

“समजलं,” केरबा म्हणाला, आणि हसत घरी गेला.

सकाळी स्टँडवर सासऱ्यांचं मन जरा मऊ झालं होतं. सगुणा पायरीशी थांबून नवऱ्याकडे बघत होती. सासरे म्हणाले, “जावईबापू, एक शब्द बोललात तर ठेवून जातो.”

“मामा, ही गाडी तुमच्या गावाच्या पुढं जाते का?”

“जाते, बेळगावला.”

“मग हिचं बेळगावचं तिकीट काढा.”

गाडी गेली. केरबा रोज वहीत अंतर लिहायचा आणि खूश व्हायचा.

आठव्या दिवशी सगुणा आपणहून परत आली. वडिलांना म्हणाली होती, “बाबा, रागावून त्यांना काही कळत नाही. मी तिथंच राहते.” दारात येऊन तिनं पिशवी ठेवली. “मी आले.”

“येणारच होतीस,” केरबा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं तिला बसवलं, रस दिला, आलं जरा जास्त घातलं. सगुणाला वाटलं, संसार लागला मार्गी.

तिचा पेला रिकामा झाल्यावर केरबानं तिची पिशवी उचलली.

“अहो, कुठं?”

“चल. उशीर नको.”

दुपारच्या गाडीनं दोघं सासऱ्यांच्या दारात उभी. केरबानं पिशवी ओसरीवर ठेवली. “मामा, अंतर मिटलं. ही एक बाजू मोकळी केली.”

सासऱ्यांनी लेकीकडे बघितलं. लेक आढ्याकडे बघत होती.

मग केरबानं बगलेतलं स्वतःचं गाठोडं पिशवीशेजारी ठेवलं आणि त्यावर मांडी घालून बसला. “आणि ही दुसरी.”

“किती दिवस?” सासऱ्यांनी विचारलं.

“एकदा मोकळं झाल्यावर परत कुठं अडकायचं, मामा.”

पहिल्या दिवाळसणाला जावयाला बोलावणं पाठवावं लागतं. सासऱ्यांनी त्या वर्षी ते ओसरीवरून आतल्या खोलीत पाठवलं.