सात पंच आणि एक साकव

अरे, थांब ना जरा, परवा काय झालं ते तर ऐक! ओढ्याकाठी एक गाव आहे, आणि त्या गावात एक जनूअण्णा. पंधरा वर्षं पंच. माणूस भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त "मी अख्ख्या गावाचा पंच" हे सांगताना अण्णांची मान जरा ताठ व्हायची.

गावाची पद्धत अशी. दर तीन वर्षांनी सगळं गाव मैदानात जमायचं. एकेक नाव पुकारलं जायचं, लोक हात वर करायचे. ज्यांना जास्त हात, ते सात जण पंच. आता वरच्या पेठेत माणसं जास्त, म्हणजे हातही जास्त. झालं! दर वेळी सातही पंच वरच्या पेठेचेच. ओढ्यापलीकडच्या तीन आळ्यांचा एकही नाही.

एके दिवशी पलीकडच्या विणकर आळीतली मथुराक्का थेट पंचांच्या बैठकीत आली. म्हणाली, "ओढ्यावरचा साकव कुजलाय. पोरं त्यावरूनच शाळेत जातात. तीन वर्षं सांगतेय."

"बघतो," सातही जण एका सुरात म्हणाले. आणि प्रत्येकाला वाटलं, उरलेल्या सहांपैकी कुणीतरी बघेल. तीन वर्षं हेच तर चाललं होतं!

"यातला आमचा पंच कोण, तेवढं सांगा. त्याच्या दारात जाऊन बसते."

"अगं, आम्ही सातही तुझेच!"

"असं? मग माझ्याबरोबर साकवावरून कोण येतंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अण्णांना लाज वाटली. उठले, चपला घातल्या आणि निघाले तिच्यामागे.

साकवाच्या मध्यावर फळी मोडली, आणि अण्णा कमरेएवढ्या पाण्यात! विणकरांनी धावत येऊन बाहेर काढलं, अंगावर कोरी चादर टाकली, चहा दिला. एका म्हाताऱ्या विणकरानं प्रेमानं विचारलं, "कुठल्या गावचे पाहुणे तुम्ही?"

पंधरा वर्षं पंच, आणि पाहुणे! ओढ्याचं पाणी गार होतंच, पण अण्णांना खरी हुडहुडी भरली ती या प्रश्नानं.

पुढच्या बैठकीत अण्णा म्हणाले, "माणसं मोजून गावाचे सात भाग करू. वरच्या पेठेचे चार, पलीकडच्या आळ्या तीन. प्रत्येक भागानं आपापला पंच निवडायचा."

तिघे हो म्हणाले, तिघे नाही. उरला अण्णांचा हात. पंचांपैकीच एक, अण्णांच्या घराशेजारचा तुकाशेठ हलवाई त्यांच्या कानाशी लागला, "अण्णा, वेड लागलंय का? आपण दोघं एकाच भागात येतो. माझी जिलबी सोडून तुम्हाला कोण निवडणार?"

खरं होतं ते. जिलबीपुढे आपला टिकाव लागणार नाही हे अण्णांनाही कळत होतं. पंचपद गेलं की मान गेला, रस्त्यातले नमस्कार गेले. क्षणभर हात गुडघ्यावरच राहिला. मग ती मोडकी फळी आठवली. तिच्यावरून दप्तर घेऊन उड्या मारत जाणारी पोरं आठवली. केला हात वर!

निवडणूक झाली. अण्णा सपशेल पडले. विणकर आळीतून मथुराक्का आली. पहिल्याच बैठकीत तिनं साकवाचं काम मंजूर करून घेतलं आणि रोज सकाळी सुतारांसमोर ठाण मांडून बसली. महिन्याभरात नवा साकव उभा!

परवा अण्णा सहज तिकडे फिरायला गेले. साकवापाशी येऊन जरा थबकले. पलीकडून तोच म्हातारा ओरडला, "या, अण्णा, या! आता नाही बुडवत तुम्हाला!"

तात्पर्य: सगळे मिळून सगळ्यांचे झाले की कुणीच कुणाचं उरत नाही, म्हणून प्रत्येक आळीला तिची वाट रोज चालणारा आपला पंच हवा, आणि तो यावा म्हणून स्वतःची जागा सोडायची तयारी कुणीतरी दाखवायला हवी. आता खरं सांग, अण्णांच्या जागी तू असतास, तर केला असतास हात वर?