बिनरामरामाची वाट

फार पूर्वी एका शेताच्या बांधाखाली मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. तिथली रीतच अशी, की वाटेत जी भेटेल तिच्या मिशीला मिशी लावून रामराम करायचाच. सोनकी नावाच्या मुंगीला मात्र तो स्पर्श सोसत नसे. प्रत्येक रामरामाला ती दचके, तोंडातला दाणा पडे आणि मागची सगळी रांग अडे.

"हिच्यानं काम व्हायचं नाही, काढून टाका हिला!" बाकीच्या ओरडल्या. दाणे वाहायला सोनकीला तर फार आवडायचं.

मुकादमीण भागाक्का तिच्याजवळ आली, पण तिनं मिशी लावली नाही. "सोनके, दाणा जड होतो का गं तुला?"

"नाही भागाक्का. रामराम जड होतो."

भागाक्कानं दगडाआडून तिला वेगळी वाट काढून दिली. सोनकी स्वतःशीच गुणगुणत दाण्यामागून दाणे नेऊ लागली; एकही सांडला नाही.

चार दिवसांनी मागून चाहूल लागली. वळून बघते तो भागाक्का! तोंडातला दाणा खाली ठेवत ती म्हणाली, "रामराम करून करून माझ्याही मिशा दुखायला लागल्यात गं. येऊ का या वाटेनं?"

"या की! पण रामराम नाही हं."

भागाक्कानं मिशा मागे घेतल्या. दाणा उचलला आणि खुशीत तिच्या मागून चालू लागली.